संगणक-भाषेचे पॅकेज आणि कंपायलरची वंशावळ

भिवंडीलगतच्या शेलार गावी यंत्रमागाच्या शेडमध्ये ग्रे कापडाचा ताका मागावरून उतरतो तेव्हा व्यापारी त्याचे वर्णन फार थोड्या शब्दांत करतो. ताण्याच्या व बाण्याच्या सुताचे नंबर, फणी, इंचामागे पिक आणि पन्हा एवढे सांगितले की सौदा होतो. सूत बहुधा व्यापाऱ्याने दिलेले असते, माग मालकाचा असतो, विणणे मजुरीवर चालते. हे वर्णन व्यवहारापुरते पुरेसे असले तरी पूर्ण नव्हे. सूत कोणत्या गिरणीच्या कोणत्या लॉटचे होते, ताण्यास खळ कोणती दिली, त्या दिवशी हवेत दमटपणा किती होता, हे त्यात येत नाही. एकाच वर्णनाचे दोन ताके शेजारी ठेवले तर डोळ्यांस फरक दिसत नाही. पण मध्येच निराळ्या लॉटचे सूत लागले असेल तर कापड रंगणीस गेल्यावर त्यावर पट्टे उठतात. न सांगितलेला घटक अशा रीतीने उशिरा आणि भलत्याच जागी प्रकट होतो.

संगणकावरील प्रोग्रॅमांचे आजवरचे वितरण पुष्कळ अंशी याच पद्धतीने चालत आले आहे. 'पायथन, आवृत्ती ३.११' हे ताक्याच्या वर्णनासारखेच वर्णन होय. तो पायथन कोणत्या कंपायलरने बांधला, कोणत्या सी-लायब्ररीशी जोडला, बांधताना यंत्रावर आणखी काय काय पडलेले होते, याची नोंद नावात व आवृत्तीत नसते. संशोधनकार्यात याचे परिणाम किरकोळ नसतात. दशांश अपूर्णांकांची बेरीज कोणत्या क्रमाने करावयाची, गुणाकार व बेरीज एकाच सूचनेत उरकावयाची की निरनिराळी, हे कंपायलर व गणितीय लायब्ररी ठरवितात. आणि त्यानुसार उत्तराचे शेवटचे अंक बदलतात. दीर्घ पुनरावर्ती गणनेत तेवढा फरक पुढे वाढत जाऊन निष्कर्षापर्यंत पोहोचू शकतो. प्रबंधातील कोष्टक तीन वर्षांनी पुन्हा काढावयास बसलेल्या विद्यार्थ्यास निराळे आकडे मिळाले, तर चूक त्याच्या सूत्रात आहे की यंत्रावरील एखाद्या अज्ञात घटकात, हे ठरविण्याचे साधन त्याच्यापाशी नसते.

या अडचणीवर फलनात्मक पॅकेज-व्यवस्थापक हा एक मूलगामी उपाय म्हणून पुढे आला. नेदरलंड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ च्या सुमारास 'निक्स' या नावाने ही व्यवस्था उभारण्यास प्रारंभ केला व २००६ साली आपल्या पीएच.डी. प्रबंधात तिचा सिद्धांत मांडला. पुढे २०१२ मध्ये लुडोविक कुर्तेस यांनी त्याच तत्त्वावर 'गीक्स' ही व्यवस्था जाहीर केली. तिच्यातील कृती स्कीम या भाषेत लिहिल्या जातात. 'फलनात्मक' हा शब्द येथे गणितातील फलनाच्या अर्थाने घ्यावयाचा आहे. फलनाचे मूल्य त्याच्या आदानांवर अवलंबून असते, अन्य कशावरही नाही. पॅकेज बांधणे हीसुद्धा अशीच क्रिया मानावी, म्हणजे सोर्स कोड, कंपायलर, लायब्रऱ्या, बांधणीच्या आज्ञा ही सर्व आदाने आणि सिद्ध झालेली फाइल हे प्रदान, हा डोल्स्ट्रा यांचा मूळ विचार. शेडमध्ये शिरलेल्या प्रत्येक सुताचा लॉट नोंदवल्याखेरीज माग सुरूच होऊ द्यावयाचा नाही, अशी ही शिस्त आहे.

ही शिस्त प्रत्यक्षात आणण्याची रीत साधी आहे. सर्व आदानांची मिळून एक हॅश, म्हणजे त्यांवरून गणिताने काढलेली ठराविक लांबीची अक्षरमाला, तयार केली जाते. निक्समध्ये ती बत्तीस अक्षरांची असते. सिद्ध झालेले पॅकेज एका सामाईक कोठारात त्या हॅशला नाव व आवृत्ती जोडून केलेल्या डिरेक्टरीत ठेवले जाते. एका आदानातील एक अक्षर बदलले की हॅश बदलते, आणि पॅकेज निराळ्या जागी जाते. त्यामुळे एकाच भाषेच्या चार आवृत्त्या, किंवा एकाच आवृत्तीच्या चार निरनिराळ्या बांधण्या, एकमेकींस धक्का न लावता कोठारात शेजारी शेजारी राहू शकतात. भिवंडीच्या गोदामांत एकाच नावाचे गठ्ठे निरनिराळ्या नंबरांखाली वेगळे राहतात, तसेच हे. वापरणाऱ्यास दिसते ती केवळ दर्शक दुव्यांची एक मांडणी. ती बदलली की नवी आवृत्ती लागू होते, आणि पूर्वीच्या मांडणीकडे परत जाणेही तितकेच सोपे असते. बांधणी बंदिस्त जागेत होते. तेथे इंटरनेट नसते, यंत्रावरील इतर फाइली दिसत नाहीत, आणि कृतीत ज्यांची नोंद आहे तेवढेच घटक हाताशी असतात. बाहेरून आणावयाच्या सोर्स कोडची हॅश कृतीत आधीच लिहून द्यावी लागते; आलेला माल तिच्याशी जुळला नाही तर बांधणी तेथेच थांबते.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण त्याविषयी पुष्कळदा गल्लत होते. कोठारातील नावात असलेली हॅश सामान्यतः आत काय गेले याची असते, बाहेर काय आले याची नव्हे. आदाने तीच असूनही बांधणीची क्रिया काही वेळा निराळे प्रदान देते. बांधणीची तारीख फाइलीत लिहून ठेवणारा प्रोग्रॅम, किंवा अनेक कामे एकाच वेळी चालवून ज्या क्रमाने ती संपतील त्या क्रमाने त्यांची फळे जोडणारा प्रोग्रॅम, अशी यातली नेहमीची उदाहरणे होत. म्हणून प्रदानाची एकरूपता वेगळी तपासावी लागते. गीक्समध्ये त्याकरिता 'चॅलेंज' नावाची आज्ञा आहे. निरनिराळ्या यंत्रांवर स्वतंत्रपणे झालेल्या बांधण्या एकमेकींशी बाइटशः जुळतात की नाही हे ती पाहते.

एखादा सामान्य प्रोग्रॅम या व्यवस्थेत बसविणे हे बहुधा थोडक्या वेळाचे काम असते. एखाद्या भाषेचे पॅकेज करणे मात्र निराळ्या जातीचे काम आहे. भाषा म्हणजे केवळ एक प्रोग्रॅम नव्हे. अन्य प्रोग्रॅम जिच्यावर घडावयाचे ती यंत्रसामग्रीच ती असते, आणि तिचे वास्तव्य कोठे असावे, तिचे घटक कोठे सापडावेत, याविषयी तिची स्वतःची ठाम मते असतात. जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर शीर्षफाइली ठराविक जुन्या ठिकाणी शोधतो. फलनात्मक कोठारात ती ठिकाणे अस्तित्वातच नसतात, तेव्हा त्याच्याभोवती एक आवरण-प्रोग्रॅम घालून प्रत्येक वेळी नेमके मार्ग त्याच्या हाती द्यावे लागतात. एखाद्या भाषेच्या निर्मात्यांनी दिलेली तयार बायनरी निक्सवर आधारलेल्या यंत्रावर ठेवून चालवली तर पूर्वी 'अशी फाइल नाही' असे बुचकळ्यात पाडणारे उत्तर मिळत असे. फाइल तर समोर दिसत असते. नसते ते तिने अपेक्षिलेल्या जागी असणारे, लायब्रऱ्या जोडून देणारे साधन. हा मार्ग बायनरीत बदलून लिहिण्यासाठी 'पॅचएल्फ' हे छोटे उपकरण निक्सच्याच कार्यातून जन्मास आले.

पायथनच्या बाबतीत एक गमतीची अडचण उद्भवली. पायथन आपल्या प्रत्येक मॉड्यूलचे अर्धसिद्ध रूप जपून ठेवतो आणि ते शिळे झाले की नाही हे ओळखण्यासाठी त्यात मूळ फाइल बदलल्याची वेळ लिहितो. निक्सच्या कोठारात तर वेळेमुळे भेद पडू नये म्हणून प्रत्येक फाइलीची वेळ १ जानेवारी १९७० च्या प्रारंभानंतर एक सेकंद अशीच लावलेली असते. घड्याळावर विसंबणारी भाषा आणि घड्याळ बंद केलेले कोठार यांचा मेळ घालण्यासाठी खटपटी कराव्या लागल्या. पुढे २०१८ मध्ये निघालेल्या पायथन ३.७ या आवृत्तीत वेळेऐवजी मूळ फाइलीच्या हॅशवरून शिळेपणा ठरविण्याची सोय भाषेतच झाली.

आणखी एक झगडा भाषांच्या स्वतःच्या पॅकेज-व्यवस्थापकांशी असतो. पायथनचा पिप, रस्टचा कार्गो, जावास्क्रिप्टचा एनपीएम हे बांधणी चालू असतानाच इंटरनेटवरून घटक आणतात. बंदिस्त जागेत ते चालत नाही. म्हणून घटकांची यादी आधीच निश्चित करून, हॅश देऊन, सर्व काही बाहेरून आत आणून ठेवावे लागते. हे काम कंटाळवाणे असले तरी त्यात तात्त्विक पेच नाही.

खरा पेच अन्यत्र आहे. शेलारच्या शेडची उपमा येथवर उपयोगी पडली. यापुढे ती तुटते. माग मागावर विणला जात नाही, पण कंपायलर मात्र कंपायलरनेच घडतो. सी भाषेचा प्रमुख कंपायलर दीर्घ काळ सी मध्ये लिहिला जाई व आता तो सी++ मध्ये लिहिला जातो. रस्टचा कंपायलर रस्टमध्ये, हॅस्केलचा हॅस्केलमध्ये, गो भाषेचा गो मध्ये आहे. फलनात्मक व्यवस्थापक तर प्रत्येक आदानाचे नाव मागतो. रस्टच्या कंपायलरची कृती लिहिताना 'आदान : रस्टचा कंपायलर' असे लिहावे लागते, आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, तो कोणता, आणि तो कोठून आला? अन्य व्यवस्थांत हा प्रश्न कोणी विचारत नसे. यंत्रावर कालचा कंपायलर असे, त्याने आजचा बांधला जाई, आणि आजचा झाला की कालचा पुसला जाई. नोंद सक्तीची होताच हे पुसणे अशक्य झाले. भाषेचे पॅकेज करणे म्हणजे पर्यायाने तिच्या कंपायलरची वंशावळ लिहून काढणे होय.

इतिहासाच्या दृष्टीने या वंशावळीस आरंभ असतोच. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस व सहकाऱ्यांनी फोर्ट्रानचा कंपायलर सिद्ध केला तेव्हा त्याच्या आधी कोणी फोर्ट्रान कंपायलर नव्हता; तो यंत्राच्या सांकेतिक भाषेत हातांनी लिहिला गेला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या आणि १९६२ साली 'टिफ्रॅक' हे नाव मिळालेल्या गणकयंत्रावर काम करणारे संशोधक यंत्राच्या पातळीवरील संकेतांतच प्रोग्रॅम लिहीत. अशा प्रोग्रॅमाची वंशावळ एका पिढीची असते, तो लिहिणाऱ्या माणसाशी ती संपते. १९६२ मध्येच एमआयटी येथे टिमोथी हार्ट व माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्ये लिहिला आणि लिस्पच्या तत्पूर्वीच्या इंटरप्रिटरवर चालवून त्याच्याकडून त्याचेच भाषांतर करून घेतले. तेथपासून कंपायलर आपल्याच भाषेत लिहिणे ही प्रौढत्वाची खूण मानली जाऊ लागली, आणि पूर्वज विसरले जाऊ लागले.

या विस्मृतीत धोका आहे हे केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिक-व्याख्यानात दाखवून दिले. त्यांची युक्ती अशी. कंपायलरमध्ये एक लपलेला भाग घालावयाचा. तो भाग 'लॉगिन' या प्रवेश-प्रोग्रॅमाचे भाषांतर करताना त्यात चोरवाट ठेवील, आणि कंपायलरच्याच सोर्स कोडचे भाषांतर करताना आपली प्रत नव्या कंपायलरात उतरवील. मग सोर्स कोडमधून तो भाग पुसून टाकला तरी बिघडत नाही. शुद्ध सोर्स कोड आणि दूषित कंपायलर यांच्या संयोगातून दूषित कंपायलरच जन्मतो, पिढ्यान् पिढ्या. सोर्स कोडचे कितीही बारकाईने वाचन केले तरी दोष सापडणार नाही, कारण तो तेथे नाही. तो वंशात आहे. थॉम्प्सन यांचे हे विवेचन फलनात्मक व्यवस्थापकांच्या पुष्कळ आधीचे असले तरी त्यातील प्रश्नाला हात घालण्याजोगे साधन या व्यवस्थापकांमुळे प्रथमच सर्वांच्या आवाक्यात आले असे म्हणावयास हरकत नाही.

केवळ वाचून विश्वास ठेवावा म्हटले तर तेही दुर्घट आहे. जीसीसीचा सोर्स कोड लक्षावधी ओळींचा आहे. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर, अमिताभ संन्याल आदींनी जीसीसीच्या अंतर्रचनेच्या अभ्यासास व अध्यापनास वाहिलेले केंद्र चालविले. एवढ्या एका कंपायलरसाठी स्वतंत्र केंद्र लागावे यावरूनच त्याच्या विस्ताराची कल्पना येते. यंत्रभाषेतील त्याची सिद्ध बायनरी वाचून तपासणे तर कोणाच्याच शक्तीबाहेरचे आहे.

निरनिराळ्या भाषांच्या वंशावळी लिहू लागल्यावर त्यांतील अंतर स्पष्ट दिसू लागले. गो भाषेचे प्रकरण त्यांतल्या त्यात सुकर ठरले. आवृत्ती १.४ पर्यंत तिचा कंपायलर सी मध्ये होता. ऑगस्ट २०१५ मधील आवृत्ती १.५ पासून तो गो मध्ये आला. तेव्हा सी-कंपायलरने १.४ बांधावी, तिने पुढची, असा जिना उपलब्ध आहे. पुढे निर्मात्यांनी जिन्याच्या पायऱ्याही जाहीर केल्या; १.२० साठी किमान १.१७ लागते, १.२२ साठी १.२०. भाषेच्या कर्त्यांनी पूर्वजांची एवढी काळजी घेतल्याची उदाहरणे विरळा.

जावाचा मार्ग आडवळणाचा आहे. जावाचा आजचा कंपायलर जावामध्ये आहे आणि तो चालण्यास जावाचेच आभासी यंत्र लागते. गीक्समधील कृतिकारांनी आयबीएममध्ये पूर्वी सी++ मध्ये लिहिला गेलेला व नंतर कालबाह्य झालेला 'जाइक्स' हा कंपायलर शोधून काढला, त्याच्या जोडीस जीएनयू क्लासपाथ ही लायब्ररी व जॅमव्हीएम हे लहान आभासी यंत्र घेतले, आणि त्या जुन्या सामग्रीच्या आधाराने पायरी पायरीने आजच्या ओपनजेडीकेपर्यंत मजल मारली. ज्या प्रोग्रॅमांस सर्वांनी मोडीत काढले होते त्यांना असे दुसरे आयुष्य लाभले. संगणकक्षेत्रात जुने सोर्स कोड जपून ठेवणे ही केवळ संग्रहालयाची हौस नाही, हे यावरून दिसून येते.

सर्वांत बिकट प्रकरण रस्टचे. ग्रेडन होअर यांनी रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमल भाषेत लिहिला; २०११ मध्ये रस्ट स्वतःच्या कंपायलरवर आली; १.० ही स्थिर आवृत्ती १५ मे २०१५ रोजी निघाली. त्यानंतर दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्ती तिच्या लगतपूर्व आवृत्तीने बांधावयाची असा दंडक आहे. ओकॅमलपासून चालू लागले तर १.० येण्यापूर्वीच्या शेकडो मधल्या टप्प्यांतून जावे लागेल. त्यांतील प्रत्येक टप्प्यावर भाषा थोडी निराळी आणि त्या काळची साधने आज बहुतेक न चालणारी. ही वाट तत्त्वतः खुली असली तरी व्यवहारात बंद आहे. सुटका झाली ती 'एमरस्टसी' या पर्यायी कंपायलरमुळे. जॉन हॉज यांनी तो सी++ मध्ये लिहिला आहे, आणि तो रस्टच्या काही निवडक आवृत्त्यांचे भाषांतर करू शकतो : १.१९, १.२९, १.३९, १.५४ व १.७४. त्याचे एक वैशिष्ट्य नोंदण्याजोगे आहे. रस्टची कीर्ती ज्या स्मृति-सुरक्षिततेच्या परीक्षेमुळे झाली ती परीक्षा हा कंपायलर घेतच नाही. समोर आलेला प्रोग्रॅम शुद्ध आहे असे तो गृहीत धरतो, कारण ज्या कंपायलरचे भाषांतर करण्यासाठी तो जन्मला आहे त्या कंपायलरची परीक्षा मूळ निर्मात्यांनी पूर्वीच घेतली आहे. पूर्वजाचे काम करणाऱ्यास वंशजाचे सर्व गुण असण्याची गरज नसते. या मार्गाने गीक्समध्ये रस्टची वंशावळ सी++ पर्यंत मागे नेण्यात आली. त्याची किंमत म्हणजे मधल्या प्रत्येक आवृत्तीची बांधणी, आणि त्यासाठी लागणारे यंत्राचे दीर्घ तास.

या ठिकाणी दोन व्यवस्थांच्या वृत्तीतील भेद स्पष्ट होतो. निक्सच्या पॅकेज-संग्रहात रस्ट व हॅस्केल यांची बांधणी त्या त्या भाषेच्या निर्मात्यांनी दिलेल्या बायनरीपासून सुरू होते. त्या बायनरीची हॅश कृतीत नोंदलेली असते, म्हणजे ती बदलली तर कळते. पण तिच्यात काय आहे याचा उलगडा होत नाही. हा मार्ग व्यवहारी आहे आणि त्यामुळेच त्या संग्रहाची वाढ झपाट्याने झाली. त्याला ढिलाई म्हणणे अन्यायाचे होईल. कोणत्या बायनरीवर विश्वास टाकला आहे हे तरी तेथे उघड लिहिलेले आहे, आणि इतरत्र तेवढेही नसते. तथापि थॉम्प्सन यांच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे. अज्ञात वस्तूस नंबर दिल्याने ती ज्ञात होत नाही.

गीक्सच्या मंडळींनी दुसरा, कष्टाचा मार्ग धरला. सर्व भाषांच्या वंशावळी अखेरीस सी च्या कंपायलरशी येऊन मिळतात. मग त्या कंपायलरची वंशावळ कोठवर नेता येईल, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. व्यवस्थेच्या मुळाशी आरंभी शेकडो मेगाबाइट आकाराच्या तयार बायनरी होत्या. त्या टप्प्याटप्प्याने कमी करीत एप्रिल २०२३ मध्ये ३५७ बाइटांच्या एका प्रोग्रॅमापर्यंत मजल गेली. जेरेमाया ओरियन्स यांनी सुरू केलेल्या 'स्टेज-झीरो' या प्रकल्पातील हा प्रोग्रॅम, 'हेक्स-झीरो', एवढेच करतो की सोळा-आधारी अंकांत लिहिलेला मजकूर वाचून त्याचे बाइट करून ठेवतो. प्रोसेसरची सूचना-पुस्तिका शेजारी ठेवून एखादा चिकाटीचा विद्यार्थी त्यातील एकेक बाइट स्वतः पडताळू शकतो. या बीजातून थोडा अधिक समर्थ असेंब्लर घडतो, त्यातून आणखी समर्थ, मग सी भाषेच्या अगदी तुटपुंज्या अंशाचा कंपायलर, त्यातून यान्नेके न्यूएनहाउझेन यांचा 'मेस' (हा एक स्कीमचा इंटरप्रिटर, आणि त्यासोबत स्कीममध्ये लिहिलेला सी-कंपायलर), त्यातून टायनी-सी कंपायलर, त्यातून जीसीसीची २.९५ ही जुनी आवृत्ती, तिच्यातून ४.६, आणि शेवटी आजची. जुनी जीसीसी मध्ये का घ्यावी लागते याचे कारण उघड आहे. ती केवळ सी मध्ये आहे, तर नव्या आवृत्त्यांस सी++ लागते आणि टायनी-सीला सी++ येत नाही. निक्सच्या संग्रहातही हाच मार्ग स्वतंत्रपणे मांडून ठेवला आहे, पण त्याच्या नेहमीच्या बांधणीचा पाया बराच काळ तयार बायनरींचाच राहिला.

या खटाटोपाचे मोल काय, अशी शंका काही अभ्यासक घेतात, व ती अगदीच निराधार नाही. थॉम्प्सन यांनी वर्णिलेला हल्ला प्रत्यक्षात विरळा आहे. परंतु मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले 'एक्सझेड' प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. माहिती दाबून लहान करणाऱ्या या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या उपकरणाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली आढळली. तिला चालना देणारी बांधणीची फाइल सार्वजनिक सोर्स-संग्रहात नव्हतीच. ती केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. म्हणजे सोर्स कोड वाचणाऱ्यास एक वस्तू दिसत होती आणि बांधणाऱ्याच्या हाती दुसरीच पडत होती. अँड्रेस फ्रॉइंड यांना लॉगिन होण्यास लागणारा किंचित जादा वेळ खटकला म्हणून ही गोष्ट बाहेर आली. फलनात्मक व्यवस्थापकसुद्धा यात सहीसलामत सुटले असे नाही. गठ्ठ्याची हॅश कृतीत होती व ती जुळतही होती. फरक एवढाच की कोणत्या पॅकेजाच्या वंशात ही आवृत्ती आली आहे याचे उत्तर तेथे तर्काने नव्हे, नोंदीवरून देता येत होते. आणि तेच उत्तर महागही पडले. एक्सझेड मुळाशी असल्याने ते बदलताच त्याच्यावर उभ्या असलेल्या जवळजवळ सर्व पॅकेजांच्या हॅश बदलतात व ती सर्व पुन्हा बांधावी लागतात. हे या पद्धतीचे अंगभूत ओझे आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रत्यक्ष काम करावयाचे असेल तर मोठ्या भाषेपेक्षा एखाद्या लहान, अपरिचित भाषेपासून आरंभ करणे इष्ट. तिच्या कंपायलरच्या सोर्स कोडमध्ये प्रथम शोधावयाची गोष्ट म्हणजे त्यात कोठे तयार बायनरी, अथवा यंत्राने निर्माण केलेल्या व माणसाने न लिहिलेल्या फाइली दडलेल्या आहेत काय. पुष्कळ भाषांच्या संग्रहांत पार्सरची फाइल अशी आधीच निर्माण करून ठेवलेली असते. ती वापरणे सोयीचे असते, पण कृतीत ती पुसून तिच्या मूळ व्याकरणापासून पुन्हा निर्माण करून घ्यावी. तसे करताना पुष्कळदा असे आढळते की तो पार्सर निर्माण करणारे साधन त्याच भाषेत लिहिलेले आहे, आणि चक्र पुन्हा पूर्ण झाले आहे. ते कोठे तोडावयाचे हे शोधणे हाच या कामातील संशोधनाचा भाग होय. जुन्या आवृत्त्या, सोडून दिलेले पर्यायी कंपायलर, दुसऱ्या भाषेत लिहिलेला एखादा इंटरप्रिटर, यांपैकी काही ना काही बहुधा हाती लागते. ओकॅमलच्या बाबतीत हे चक्र तोडण्यासाठी 'कॅमलबूट' हा निराळा प्रकल्पच उभा राहिला, त्यात ओकॅमलचा एक इंटरप्रिटर नव्याने लिहावा लागला.

३५७ बाइटांच्या बीजानंतरही काही आदाने नोंदीबाहेर राहिली आहेत. गीक्समध्ये बांधणीची सूत्रे हलविण्यासाठी गाइल या स्कीम-रूपाची एक तयार बायनरी वापरली जाते. ती प्रदानात उतरत नसली तरी बांधणीच्या वेळी उपस्थित असते. तिच्याखाली लिनक्सचा कर्नेल असतो, आणि त्याच्याही खाली प्रोसेसर. हॅस्केलच्या प्रमुख कंपायलरची वंशावळ अद्याप समाधानकारकपणे मागे नेता आलेली नाही. त्याच्या जुन्या आवृत्त्यांसोबत मिळणाऱ्या सी मधील फाइली मनुष्यलिखित नसून कोणा पूर्वीच्या हॅस्केल-कंपायलरने काढलेल्या आहेत, आणि तो कंपायलर ज्याने बांधला त्याचा माग अजून लागलेला नाही.